पाण्याशीं जुळवून घेणारे तैलरंग

तैलचित्र म्हटलें कीं डोळ्यांना रंग आठवण्यापूर्वीं नाकाला टर्पेंटाईनचा वास आठवतो. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या चित्रशाळेंत हा वास सोसून जातो. किंबहुना पुष्कळ चित्रकारांना तो प्रियही वाटतो. परंतु दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, जेथें एका कोपऱ्यांत स्वयंपाक चालला आहे, दुसऱ्या कोपऱ्यांत मूल अभ्यास करीत आहे आणि खाटेवर एखादें दमेकरी वृद्ध माणूस पडलें आहे, तेथें टर्पेंटाईनची बाटली उघडणें म्हणजे घरच्या शांततेवर घाला घालणेंच होय. हातांत कला असूनही केवळ या अडचणीपायीं ज्यांनीं रंगांची पेटी माळ्यावर टाकली, अशीं माणसें शहरांत थोडीं नाहींत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बाजारांत आलेल्या एका नव्या जातीच्या तैलरंगांनीं ही अडचण बऱ्याच अंशीं दूर केली आहे. हे रंग जवसाच्या तेलांतच घोटलेले असतात, तरी ते पाण्यानें पातळ होतात आणि पाण्यानें धुतां येतात. तेल आणि पाणी यांचें वैर जगजाहीर असतां हें कसें घडतें, आणि नवशिक्यानें या रंगांचा आरंभ कसा करावा, हें समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम तैलरंग वाळतो म्हणजे काय होतें तें पाहूं. तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची अति बारीक पूड वाळणाऱ्या तेलांत घोटून केलेला लगदा. या कामीं सर्वांत अधिक वापरलें जाणारें तेल म्हणजे जवसाचें अथवा अळशीचें. ज्या जवसाची चटणी आपल्याकडे भाकरीबरोबर आवडीनें खाल्ली जाते, त्याच बियांचें हें तेल. ओलें धोतर वाळतें तेव्हां त्यांतील पाणी हवेंत उडून जातें; जवसाचें तेल तसें उडून जात नाहीं. उलट तें हवेंतील प्राणवायु ओढून घेतें, त्याचे सूक्ष्म कण एकमेकांत गुंफले जातात, आणि द्रवाचा हळूहळू एक चिवट पापुद्रा बनतो. वाळण्याच्या पहिल्या काळांत तेलाचें वजन घटत नाहीं, तर थोडें वाढतें. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल कितीही दिवस उघडें ठेवलें तरी त्याचा असा पापुद्रा होत नाहीं, म्हणून तीं तेलें चित्रकाराच्या उपयोगीं पडत नाहींत.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत येईल. तैलरंग चित्रावर धरून ठेवण्याचें काम तेलाचें आहे, टर्पेंटाईनचें नव्हे. टर्पेंटाईन लागतें तें रंग पातळ करण्यासाठीं आणि कुंचले धुण्यासाठीं; आपलें काम संपतांच तें हवेंत निघून जातें. म्हणजे तें घरांत येणारें आणि निघून जाणारें पाहुणें आहे. या पाहुण्याच्या जागीं दुसरा निरुपद्रवी पाहुणा आणतां आला, तर तैलरंगाच्या मूळ स्वभावास बाध येण्याचें कारण नाहीं. नव्या रंगांचें सारें तत्त्व एवढ्यांत आहे.

तैलरंगांचा इतिहास फार जुना आहे. अफगाणिस्तानांतील बामियान येथील लेण्यांत सातव्या शतकाच्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रांत वाळणारें तेल वापरलेलें आहे, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखवून दिलें. युरोपांत पंधराव्या शतकांत यान व्हान आइक प्रभृति चित्रकारांनीं हें माध्यम पूर्णत्वास नेलें. १८४१ सालीं जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानें दाबतां येणाऱ्या कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें, आणि रंग घरीं घोटण्याच्या कटकटींतून चित्रकार सुटला. मुंबईस १८५७ सालीं स्थापन झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेनें हें शास्त्र महाराष्ट्रांत रुजविलें. आणि राजा रविवर्मा यांच्या चित्रांनीं तैलरंगांची झळाळी घरोघर परिचयाची करून दिली.

या वैभवाबरोबर माध्यमाचे दोषही चालत आले. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यानें निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर १७०० सालीं जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत चित्रकारांच्या दुखण्यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे, आणि त्यांचें मूळ त्यानें रंगसाहित्यांतच शोधलें आहे. आज शिशाचा पांढरा रंग क्वचितच वापरला जातो. परंतु टर्पेंटाईनची वाफ मात्र जशीच्या तशी राहिली. तिनें डोळे चुरचुरतात, डोकें दुखतें, कित्येकांच्या हातांवर पुरळ उठतें, आणि दमेकऱ्याचा श्वास कोंडतो. वास काढून टाकलेलें पेट्रोलियम स्पिरिट वापरलें तर नाकास त्रास कमी होतो खरा, परंतु वास गेला म्हणजे वाफ गेली असें नव्हे. बंद खोलींत ती वाफ नकळत सांचते, आणि नाक सावध करीत नाहीं म्हणूनच तिच्याविषयीं अधिक जपावें लागतें.

आतां तेल आणि पाणी यांचा समेट कसा होतो तें पाहूं. दुधाचें उदाहरण घेतलें म्हणजे ही गोष्ट चटकन् समजेल. दुधांत स्निग्धांश असतो आणि पाणीही असतें, तरी दोन्ही एकजीव दिसतात. कारण स्निग्धाचे सूक्ष्म थेंब पाण्यांत विखुरलेले असतात, आणि त्यांना एकमेकांपासून अलग ठेवणारें द्रव्य दुधांतच असतें. लोण्यांत याच्या उलट स्थिति असते; तेथें पाण्याचे थेंब स्निग्धांत अडकलेले असतात. तेल आणि पाणी यांच्यामध्यें असा मध्यस्थ उभा राहूं शकतो. त्याच्या रेणूचें एक टोंक तेलाला धरतें, तर दुसरें पाण्याला. तेलकट भांड्यावरचा साबण हेंच काम करतो. पाण्यांत मिसळणाऱ्या तैलरंगांत एक तर असा मध्यस्थ अल्प प्रमाणांत घातलेला असतो, किंवा तेलाच्याच घटनेंत थोडा फेरफार करून त्याला पाण्याशीं जुळवून घ्यावयास लावलेलें असतें. चित्र काढून झाल्यावर पाणी उडून जातें, आणि मागें राहिलेलें तेल नेहमींच्या रीतीनें प्राणवायु घेऊन वाळतें. एकदां तें वाळलें कीं पुन्हां पाण्यानें विरघळत नाहीं.

म्हणून या रंगांना जलरंग समजणें चूक, आणि ॲक्रिलिक समजणें त्याहून मोठी चूक. ॲक्रिलिक रंग कांहीं मिनिटांत वाळतो. हे रंग दिवसेंदिवस ओले राहतात, आणि ओल्या रंगावर ओला रंग सावकाश मिसळण्याची तैलचित्रणांतील खरी मौज यांत कायम राहते. विन्सर अँड न्यूटन या १८३२ सालीं स्थापन झालेल्या इंग्रज कारखान्याचे ‘आर्टिझन’ रंग आणि रॉयल टॅलेन्स या डच कारखान्याचे ‘कोब्रा’ रंग हे या जातीचे प्रसिद्ध नमुने होत. नळीवर ‘वॉटर मिक्सेबल ऑईल कलर’ हे शब्द असल्याची खात्री करून घ्यावी. कारण साध्या तैलरंगाच्या नळ्याही दिसावयास तशाच असतात.

आरंभीं मोठी पेटी घेण्याचा मोह टाळावा. पांढरा, पिंवळा, तांबडा, निळा, पिंवळी माती आणि तपकिरी अशा सहा नळ्या नवशिक्यास वर्षभर पुरण्याइतक्या आहेत. पांढरा टायटॅनियमचा घ्यावा, आणि तो सर्वांत अधिक खर्च होत असल्यामुळें त्याची नळी मोठी असावी. निळ्यांत अल्ट्रामरीन, तपकिरींत बर्न्ट सिएना, आणि पिंवळ्या मातीसाठीं यलो ऑकर हीं नांवें पाहावीं. नांवापेक्षांही नळीवरील रंगद्रव्याची खूण अधिक विश्वसनीय असते. अल्ट्रामरीनवर पीबी २९ आणि टायटॅनियमच्या पांढऱ्यावर पीडब्ल्यू ६ अशी खूण असते. नांवापुढें ‘ह्यू’ हा शब्द असेल, तर मूळ द्रव्याऐवजीं त्या छटेचें दुसरें द्रव्य वापरलें आहे असें जाणावें. नवशिक्यास त्यांत तोटा नाहीं. कॅडमियमसारख्या महाग आणि विषारी द्रव्याऐवजीं तशी नळी घेणें शहाणपणाचेंही ठरतें.

कुंचले कृत्रिम केंसांचे घ्यावे. डुकराच्या राठ केंसांचे कुंचले साध्या तैलरंगांस उत्तम. परंतु पाण्यांत भिजून ते मऊ पडतात आणि त्यांचा ताठपणा जातो. एक रुंद चपटा, एक मध्यम चपटा आणि एक बारीक गोल, एवढे तीन पुरेत. रंग कालविण्यास कडा घांसलेली कांचेची तावदानी चांगली. तिच्याखालीं राखी रंगाचा कागद ठेवला म्हणजे छटा नीट पारखतां येतात. चित्रासाठीं ॲक्रिलिक जेसोचा थर दिलेला कॅनव्हास किंवा तसाच थर दिलेली लांकडी फळी असावी. कोऱ्या कागदावर अथवा कापडावर हे रंग थेट लावूं नयेत. हे शेवटीं तैलरंगच असल्यामुळें त्यांतील तेल धाग्यांत मुरतें आणि कांहीं वर्षांनीं कागद पिंवळा पडून ठिसूळ होतो.

पहिल्या दिवशीं चित्र काढण्याची घाई करूं नये. एका लहान पाटीवर प्रत्येक रंगाचे तीन पट्टे ओढावे: पहिला नळींतून निघेल तसा, दुसरा पाण्यानें पातळ केलेला, आणि तिसरा या रंगांसाठींच तयार केलेलें जवसाचें तेल थेंबभर घालून. प्रत्येकाखालीं तारीख लिहून पाटी भिंतीस टेकून ठेवावी, आणि रोज सकाळीं कडेला हलकेंच बोट लावून पाहावें. चार-आठ दिवसांत असें दिसून येईल कीं सर्व रंग एका गतीनें वाळत नाहींत. मातीचे रंग, विशेषतः मँगनीज असलेला अंबर, लवकर वाळतात. काळा आणि कांहीं तांबडे रंग रेंगाळतात. ही एक पाटी नवशिक्यास चार पुस्तकांहून अधिक शिकविते.

पाणी मिसळतांना एक चमत्कार दिसतो आणि पुष्कळजण तेथेंच निराश होतात. पहिल्या दोन-चार थेंबांनीं रंग पातळ होण्याऐवजीं थोडा घट्ट आणि चिकट झाल्यासारखा वाटतो, आणि त्यावर दुधाळ झांक येते. याचें कारण लोण्याच्या उदाहरणांत आहे. पाणी थोडें असतें तेव्हां त्याचे थेंब तेलांत अडकतात आणि मिश्रण जड होतें. पाणी वाढवीत गेलें कीं व्यवस्था उलटते, तेलाचे थेंब पाण्यांत विखुरतात, आणि रंग एकाएकीं सैल होतो. म्हणून पाणी थेंबाथेंबानें घालून प्रत्येक वेळीं सुरीनें नीट कालवावें. दुधाळ झांक पाणी उडतांच नाहींशी होते आणि रंग किंचित् गडद होतो. छटा ठरवितांना हा फरक हिशोबांत धरावा.

पहिलें चित्र घरांतीलच एखाद्या वस्तूचें असावें. खिडकीजवळ एक तांब्याचा तांब्या आणि त्याशेजारीं एक लिंबू ठेवावें, आणि उजेड एकाच बाजूनें येऊं द्यावा. बर्न्ट सिएना पुष्कळ पाण्यानें पातळ करून तिनें बाह्याकार आणि सावल्या तेवढ्या मांडाव्या. चुकलेली रेघ ओल्या फडक्यानें पुसतां येते. अर्ध्या-पाऊण तासांत हा थर स्थिरावला म्हणजे अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद भाग भरावे. या दोन रंगांच्या मिश्रणांत पांढरा घातला कीं उष्ण आणि शीत अशा दोन्ही तऱ्हांच्या राखी छटा हातीं येतात, आणि काळ्या नळीची गरजच उरत नाहीं. या दुसऱ्या थरांत पाणी अगदीं कमी असावें. शेवटीं पाणी मुळींच न घालतां तांब्यावरची झळाळी आणि लिंबाचा पिंवळेपणा जाड रंगानें ठेवावा. तांब्याच्या कडेवरचा शुभ्र कवडसा सर्वांच्या शेवटीं, एकाच फटकाऱ्यानें द्यावा. तो वारंवार डिवचला कीं मळतो.

वरच्या क्रमांत तैलचित्रणाचा एक जुना नियम दडलेला आहे. खालचा थर तेलानें कमी आणि वरचा थर तेलानें अधिक, असें प्रत्येक चित्रांत असावें लागतें. ज्या थरांत तेल कमी तो लवकर वाळतो. ज्यांत अधिक तो सावकाश वाळतो आणि लवचिक राहतो. लवकर वाळणारा ताठ थर सावकाश वाळणाऱ्या थरावर दिला, तर खालचा थर पुढें हालचाल करतो आणि वरच्यास तडे जातात. पाण्यानें या नियमांतून सुटका होत नाहीं. टर्पेंटाईनच्या जागीं पाणी आलें एवढेंच. म्हणून पहिला थर पाण्यानें, मधला नुसत्या रंगानें आणि शेवटचा गरज पडल्यास तेलानें, हा क्रम पाठ करून ठेवावा. मात्र पाण्याचाही अतिरेक नको. फार पाणी घातलेल्या रंगांत पूड धरून ठेवण्यापुरतेंही तेल उरत नाहीं, आणि वाळल्यावर तो बोटास लागतो. कुंचला अडखळूं लागला तर पाण्याऐवजीं याच रंगांसाठीं केलेलें तेल किंवा मिश्रण वापरावें. स्वयंपाकघरांतील जवसाचें तेल मात्र घालूं नये. तें चित्रकामासाठीं शुद्ध केलेलें नसतें, आणि त्यांत तो मध्यस्थही नसतो.

जुन्या पेटींतील साधे तैलरंग या रंगांत मिसळतां येतील काय, असा प्रश्न साहजिकच उठतो. मिसळतां येतात, परंतु त्यांचें प्रमाण एकंदराच्या पाव हिश्श्याच्या फार पुढें गेलें कीं पाण्याशीं असलेली मैत्री तुटते आणि धुण्यास पुन्हां टर्पेंटाईन लागतें.

हे रंग ‘निर्धोक’ म्हणून विकले जातात. त्या शब्दाचा अर्थ मात्र तोलून घ्यावा. गेला तो वाफेचा धोका. रंगद्रव्यांचा धोका आहे तसाच राहतो. कॅडमियम आणि कोबाल्ट यांचे रंग तेलांत घोटले काय किंवा पाण्यानें धुतले काय, ते पोटांत जातां कामा नयेत. रंगकाम चालू असतां खाणेंपिणें वर्ज्य करावें, कुंचल्याचें टोंक ओठांनीं जुळवूं नये, वाळलेला रंग पॉलिश कागदानें घांसून धूळ उडवूं नये, आणि रंगाचीं भांडीं स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळूं नयेत. कुंचले धुण्यापूर्वीं कागदानें नीट पुसावे. म्हणजे मोरींत जाणारा रंग पुष्कळच कमी होतो. धुवणाचें पाणी रात्रभर स्थिर ठेवून वरचें निवळ ओतावें आणि तळचा गाळ कागदांत गुंडाळून टाकावा.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. जवसाचें तेल वाळतांना उष्णता बाहेर पडते. एखाद्या पसरलेल्या फडक्यावर ती हवेंत निघून जाते. परंतु तेलानें माखलेलीं फडकीं चुरगळून टोपलींत कोंबलीं, तर ती आंतच सांचत जाते आणि काडी न लावतां फडकीं पेट घेऊं शकतात. पाण्यांत मिसळणाऱ्या रंगांतही तेल तेंच आहे, म्हणून ही खबरदारी येथेंही घ्यावी. वापरलेलीं फडकीं मोकळ्या हवेंत एकेक पसरून पूर्ण वाळूं द्यावीं, अथवा पाण्यानें भिजवून झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवावीं. घरांत लहान मुलें असोत वा नसोत, हा नियम मोडूं नये.

चित्र बोटाला कोरडें लागण्यास कांहीं दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. जाड थरास अधिक. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत हवा दमट असल्यामुळें पाणीच लवकर उडत नाहीं, आणि एकावर एक थर देण्याची घाई केल्यास चित्र चिकट राहतें. अशा दिवसांत थर पातळ द्यावे, दोन थरांमध्यें दिवस जाऊं द्यावे, आणि चित्र ओलसर भिंतीस चिकटवून न ठेवतां मागून हवा खेळेल असें ठेवावें. नाहीं तर कापडावर बुरशी धरते. कपाटांतील काळोखही नको, कारण उजेडांत आणि हवेंत तेल चांगलें वाळतें आणि कमी पिंवळें पडतें. वार्निश देण्यापूर्वीं निदान सहा महिने, आणि थर जाड असल्यास वर्षभर थांबावें. पुष्कळशा वार्निशांत उडून जाणारीं द्रव्यें असतात; तेव्हां तें एवढें काम तरी गच्चीवर किंवा उघड्या ओटीवर करावें.

आतां शेवटचा प्रश्न टिकाऊपणाचा. साध्या तैलरंगांच्या पाठीशीं पांचशेंहून अधिक वर्षांचा पुरावा उभा आहे. या नव्या रंगांच्या पाठीशीं एका पिढीचा. प्रयोगशाळेंतील परीक्षा कितीही कसून घेतल्या, तरी काळ हाच चित्रांचा अंतिम परीक्षक होय, आणि त्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. ज्याला राजवाड्यांत तीन शतकें टिकेल असें चित्र काढावयाचें आहे, त्यानें या गोष्टीचा विचार अवश्य करावा. परंतु ज्या गृहिणीस दुपारच्या दोन तासांत कांहीं रंगवावयाचें आहे, ज्या निवृत्त गृहस्थास तरुणपणीं सुटलेला हात पुन्हां धरावयाचा आहे, किंवा ज्या मुलास घरच्यांच्या आरोग्यास धक्का न लावतां तैलचित्रणाचे पाठ गिरवावयाचे आहेत, त्यांच्यापुढें प्रश्न निराळाच असतो. त्यांना जुनें माध्यम आणि नवें माध्यम यांतून निवड करावयाची नसते. चित्र काढणें आणि न काढणें यांतून करावयाची असते. अशा घरांत सहा नळ्या, तीन कुंचले आणि वाटीभर पाणी यांनीं कलेचा बंद दरवाजा उघडत असेल, तर तो उघडण्यास कोणाचीच हरकत असूं नये.